गाठीचे नाव आणि गाठीचे दप्तर : श्लेष्मल पुटी-अर्बुदांच्या निदानाचा इतिहास व खानदेश

प्रस्तावना

स्वादुपिंडात द्रवाने भरलेली पुटी आढळली, म्हणजे ती कशाची आहे हा प्रश्न उभा राहतो. बोलीत आपण तिला ‘सिस्ट’ किंवा ‘पाण्याची गाठ’ म्हणतो. परंतु या एका नावाखाली भिन्न स्वभावाचे अनेक विकार मोडतात. स्वादुपिंडदाहानंतर साचलेल्या स्रावाभोवती तंतुमय भिंत तयार होऊन जी पोकळी बनते, तिला आभासी पुटी म्हणतात. तिला स्वतःचे पेशींचे अस्तर नसते. ती अर्बुद नव्हे. श्लेष्मल पुटी-अर्बुदाच्या आतील बाजूस मात्र श्लेष्मा, म्हणजे चिकट बुळबुळीत द्रव, स्रवणाऱ्या उंच स्तंभाकार पेशींचे अस्तर असते व त्या पेशींतून कालांतराने कर्करोग उद्भवू शकतो. पहिल्या प्रकारात बऱ्याचदा वाट पाहणे किंवा द्रवाचा निचरा करणे पुरते. दुसऱ्या प्रकारात अर्बुद समूळ काढणे हा मुख्य उपाय ठरतो. म्हणजे येथे नाव चुकले, की उपचारही चुकतो. आभासी पुटी समजून जठराशी किंवा आतड्याशी जोडून दिलेले श्लेष्मल अर्बुद पोटात तसेच राहते आणि काही वर्षांनी रुग्ण कर्करोग घेऊन परत येतो.

या अर्बुदांना त्यांचे आजचे नाव कसे मिळाले, त्याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हा इतिहास प्रायः उपकरणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि त्यातील निर्णायक टप्पा नव्या उपकरणाने घडविलेला नसून जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांच्या पुनर्वाचनाने घडविलेला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. धुळे व जळगाव या जिल्ह्यांच्या दृष्टीने या प्रतिपादनाला विशेष अर्थ प्राप्त होतो, तो लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट केला आहे.

१. गुल्म, ग्रंथी आणि अर्बुद

पोटातील गाठींचे वर्गीकरण करण्याचा प्रयत्न भारतीय वैद्यकात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांच्या निदानाला वाहिलेला आहे. चरकसंहितेत गुल्माचा स्वतंत्र विचार असून, त्यातील रक्तगुल्म हा प्रकार केवळ स्त्रियांत होतो व त्याची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावर करावी, असे सांगितले आहे. गर्भ व गुल्म यांची गल्लत होऊ नये, ही सावधगिरी या नियमामागे स्पष्ट दिसते.

रक्तगुल्म म्हणजे अंडाशयाचे किंवा स्वादुपिंडाचे श्लेष्मल अर्बुद, असे समीकरण मांडणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. प्राचीन वैद्यापुढे हाताला लागणारी गाठ होती. तिच्या आतील पेशी त्याच्यापुढे नव्हत्या. ‘पोटात गोळा आहे’ असे खानदेशातील खेडुत स्त्री आजही सांगते, तेव्हा तीही हाताला लागणारी वस्तुस्थितीच सांगत असते. गोळा कोणत्या अवयवाचा, कशाने भरलेला आणि कोणत्या स्वभावाचा, ही माहिती त्या शब्दात नाही. स्पर्शापासून स्वभावापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच निदानाचा इतिहास होय.

२. शस्त्राने केलेले निदान

या प्रवासातील पहिला मोठा टप्पा अंडाशयाच्या अर्बुदांनी गाठला. डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात डॅनव्हिल या गावी इफ्रेम मॅक्डोवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या पोटातून अंडाशयाचे प्रचंड अर्बुद काढले. ती गरोदर असून दिवस भरून गेले आहेत, असा तिच्या गावच्या वैद्यांचा समज होता. शस्त्रक्रियेसाठी ती सुमारे ६० मैल घोड्यावरून आली. बधिरीकरणाचा शोध लागण्यापूर्वीची ही गोष्ट. अर्बुदातून सुमारे १५ पौंड चिकट, सरसासारखा पदार्थ निघाल्याची नोंद मॅक्डोवेल यांनी केली आहे. या वर्णनावरून ते श्लेष्मल अर्बुद असावे, असा तर्क करता येतो. रुग्ण बरी झाली व पुढे तीन दशकांहून अधिक काळ जगली.

या घटनेतील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, गर्भ आणि गाठ यांची गल्लत चरकाच्या काळाइतकीच एकोणिसाव्या शतकातही होत होती. दुसरी, निदान व उपचार यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी रुग्णाला अंतर तोडावे लागत होते. हे अंतर पुढे खानदेशाच्या संदर्भातही दिसणार आहे.

आंत्रपुच्छाच्या श्लेष्मल विकारांची कथा याच काळातील आहे. रोकिटान्स्की यांनी १८४२ मध्ये श्लेष्म्याने फुगलेल्या आंत्रपुच्छाचे वर्णन केले. संपूर्ण उदरपोकळी श्लेष्म्याने भरून जाण्याच्या विकाराला वेर्थ यांनी १८८४ मध्ये नाव दिले. त्यांच्यासमोरील रुग्णात त्याचा संबंध अंडाशयाच्या अर्बुदाशी जोडला गेला होता. पुढे जवळजवळ शतकभर स्त्रियांमधील या विकाराचे मूळ अंडाशयात आहे, असे मानण्याकडे कल राहिला. १९९० च्या दशकात संग्रही असलेल्या नमुन्यांवर प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंजन करून पुन्हा तपासणी झाली, तेव्हा बहुतेक रुग्णांत मूळ आंत्रपुच्छात असून अंडाशयातील गाठ ही तेथून पसरलेली आहे, असे दिसून आले. अवयव तेच, नमुनेही तेच. वाचन बदलले आणि निदान बदलले.

३. काच आणि रंग

अर्बुदाचा विचार पेशींच्या पातळीवर नेण्याचे श्रेय योहानेस म्यूलर (१८३८) आणि त्यांचे शिष्य रुडॉल्फ फिर्खो (१८५८) यांच्या ग्रंथांना दिले जाते. त्यानंतर ऊतक मेणात, म्हणजे पॅराफिनमध्ये, बसवून त्याचे अतिशय पातळ छेद घेण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीचे ऐतिहासिक महत्त्व केवळ पातळ छेदांत नाही. मेणात बसवलेला ऊतकाचा ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो व त्यातून पुन्हा छेद काढता येतो. विकृतिशास्त्राला त्यामुळे प्रथमच टिकाऊ दस्तऐवज मिळाला.

श्लेष्मा ओळखण्यासाठी रंगांची परंपरा निर्माण झाली. १९४६ मध्ये पीएएस आणि १९५० मध्ये अल्शियन ब्लू या पद्धतींची भर पडली. पीएएसने श्लेष्मा किरमिजी दिसतो. परंतु ग्लायकोजन नावाची शर्कराही तशीच दिसते. छेदावर प्रथम डायस्टेज या विकराची प्रक्रिया केली, तर ग्लायकोजन विरघळून जाते, श्लेष्मा मात्र राहतो. वरवर किरकोळ वाटणारी ही प्रयोगशाळेतील युक्ती स्वादुपिंडाच्या अर्बुदांचा भेद करण्यास पुढे फार उपयोगी पडली.

महाराष्ट्रात या शास्त्राची पायाभरणी वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी केली. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रातील एम.डी. मिळवून ते मुंबईस परतले. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाल्यावर तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक झाले. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा गौरव केला जातो. नमुन्यांचा पद्धतशीर संग्रह आणि त्यासोबत रुग्णाच्या सवयी, आहार व समाज यांची नोंद, हे त्यांच्या परंपरेचे वैशिष्ट्य होय. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाचा भारतातील अभ्यास याच मार्गाने पुढे गेला.

४. १९७८ : संग्रहाचे पुनर्वाचन

स्वादुपिंडातील पुटीमय अर्बुदे दुर्मिळ असल्यामुळे एखाद्या शल्यवैद्याच्या संपूर्ण कारकिर्दीत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच येत. एकेका रुग्णावरून त्यांचा स्वभाव कळणे अशक्य होते. ही कोंडी १९७८ मध्ये फुटली. कॉम्पॅग्नो व ओर्टेल या विकृतिशास्त्रज्ञांनी वॉशिंग्टन येथील सैनिकी विकृतिशास्त्र संस्थेच्या संग्रहातील नमुने पुन्हा तपासून दोन निबंध प्रसिद्ध केले. एका निबंधात ३४ अर्बुदांचा अभ्यास होता. ही अर्बुदे बारीक कप्प्यांची, पातळ पाण्यासारख्या द्रवाची व ग्लायकोजनयुक्त पेशींची असून त्यांचे वर्तन सौम्य होते. दुसऱ्या निबंधात ४१ श्लेष्मल अर्बुदे होती. त्यांत उघड किंवा सुप्त कर्करोगाची शक्यता असते, असा निष्कर्ष लेखकांनी काढला.

तोपर्यंत या दोहोंची सरमिसळ होत असे. ती दूर झाली, हे या कार्याचे पहिले फलित. दुसरे फलित अधिक व्यवहारोपयोगी होते. एकाच श्लेष्मल अर्बुदात काही ठिकाणी निरुपद्रवी दिसणाऱ्या पेशी आणि काही ठिकाणी कर्कपेशी शेजारीशेजारी असू शकतात. शिवाय भिंतीच्या मोठ्या भागावरील अस्तर गळून गेलेले असते. भिंतीचा छोटासा तुकडा नेमका अशा जागेवरून घेतला, तर त्यात अस्तर दिसत नाही आणि अहवाल ‘आभासी पुटी’ असा येतो. म्हणून तुकड्यावर विसंबू नये, अर्बुद संपूर्ण काढावे आणि त्याची अनेक ठिकाणी तपासणी करावी, हा दंडक पुढे रूढ झाला.

हा शोध ज्या संग्रहातून लागला त्याची परंपरा अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६२ मध्ये, स्थापन झालेल्या सैनिकी वैद्यकीय संग्रहालयापर्यंत जाते. निरनिराळ्या रुग्णालयांनी सल्ल्यासाठी पाठविलेले नमुने तेथे क्रमांक देऊन जपले जात व रुग्णाचे पुढे काय झाले याची विचारणा केली जाई. १९९९ मध्ये याच संस्थेतून श्लेष्मल पुटी-अर्बुदाच्या १३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संस्था २०११ मध्ये बंद झाली. तिचा संग्रह मात्र दुसऱ्या सरकारी केंद्राकडे सोपवून राखण्यात आला. संस्था संपली तरी दप्तर संपू दिले नाही, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

१९८२ मध्ये जपानमधील ओहाशी व सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या नलिकेत श्लेष्मा निर्माण करणाऱ्या वेगळ्या अर्बुदाकडे लक्ष वेधले. मग दोहोंत भेद कसा करावा, हा प्रश्न आला. अस्तराखाली अंडाशयातील ऊतकासारखे दाट आधारऊतक असणे ही श्लेष्मल पुटी-अर्बुदाची खूण होय, असे २००६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी निश्चित केले. हे अर्बुद जवळजवळ नेहमी स्त्रियांत, बहुधा मध्यम वयात आणि स्वादुपिंडाच्या मध्य किंवा शेपटीकडील भागात आढळते. गर्भावस्थेत डावी जननग्रंथी स्वादुपिंडाच्या शेपटीजवळ असते. तेथेच काही पेशी मागे राहत असाव्यात, अशी एक उपपत्ती मांडली गेली आहे. यकृतातील तशाच आधारऊतकाच्या अर्बुदांनाही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या वर्गीकरणात हेच नाव मिळाले. अवयव वेगळे असले तरी कुळ एक, हे अशा रीतीने मान्य झाले.

५. प्रतिमा आणि द्रव

पोट न उघडता गाठीचे स्वरूप सांगण्याची सोय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. ग्लासगो येथील इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी पोटातील गाठी तपासल्याचा निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एका स्त्रीला जठराचा असाध्य कर्करोग होऊन पोटात पाणी झाल्याचे निदान आधी झाले होते. ध्वनिचित्रात मात्र मोठी पुटी दिसली. शस्त्रक्रियेत अंडाशयाचे श्लेष्मल अर्बुद निघाले व रुग्ण बरी झाली. सोनोग्राफीच्या इतिहासाच्या प्रारंभीच श्लेष्मल अर्बुद उभे आहे, हा योगायोग बोलका आहे.

१९७० च्या दशकात सीटी स्कॅन आला आणि पुढे दुर्बिणीच्या टोकावर ध्वनियंत्र बसवून जठरातून स्वादुपिंड पाहणे व सुईने द्रव काढणे शक्य झाले. आभासी पुटीच्या द्रवात अमायलेज हे विकर सामान्यतः भरपूर असते. श्लेष्मल पुटीच्या द्रवात सीईए हे प्रथिन वाढलेले असते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात सीईएची मर्यादा दर मिलिलिटरला १९२ नॅनोग्रॅम अशी धरली असता सुमारे ७९ टक्के रुग्णांत श्लेष्मल पुटी व इतर पुटी यांचा भेद बरोबर झाला. या आकड्यावरून पुटी श्लेष्मल आहे की नाही हे कळते, तीत कर्करोग आहे की नाही हे कळत नाही. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनी शस्त्रक्रियेस योग्य अशा सर्व रुग्णांत श्लेष्मल पुटी-अर्बुद काढण्याची शिफारस केली होती. २०१८ च्या युरोपीय तत्त्वांनी ४ सेंटिमीटरपेक्षा लहान व धोक्याची चिन्हे नसलेल्या अर्बुदावर लक्ष ठेवण्याचा पर्याय मान्य केला. लक्ष ठेवायचे, म्हणजे मागील तपासणीचे कागद व चित्रे हाताशी हवीत. उपकरणे सुधारली तशी दप्तराची गरज कमी न होता वाढली.

६. खानदेश : अंतराचा इतिहास

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजी अमलाखाली आला व धुळे हे जिल्ह्याचे ठाणे झाले. १९०६ मध्ये जिल्ह्याची विभागणी होऊन पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव आणि पश्चिम खानदेशाचे धुळे असे झाले. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्येच सुरू झाले होते. १८६० च्या दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत पोहोचल्याने जळगाव मुंबईशी जोडले गेले. धुळ्याला मात्र चाळीसगावहून येणाऱ्या शाखामार्गासाठी १९०० सालापर्यंत थांबावे लागले. अवघड दुखण्यासाठी ‘मुंबईला दाखवून या’ हा खानदेशातील घरांतून ऐकू येणारा सल्ला या लोहमार्गाच्या भूगोलातून घडला आहे.

येथे एक बारकावा नोंदवला पाहिजे. दूरच्या शहरी जाणारा रुग्ण आणि दूरच्या प्रयोगशाळेत जाणारा नमुना, हे दोन वेगळे प्रवास आहेत. रुग्ण परत येतो. नमुना परत येत नाही. गावी येतो तो एका ओळीचा अहवाल. तो कागद घरातील पेटीत, शिधापत्रिकेच्या नि सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत राहतो किंवा हरवतो. परिणामी येथील रुग्णांच्या गाठींचा इतिहास येथे न साठता इतरत्र विखुरला जातो.

या स्थितीत १९८९ हे वर्ष महत्त्वाचे आहे. धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला भाऊसाहेब हिरे यांचे नाव आहे. पाठोपाठ धुळ्यातच अण्णासाहेब चुडामण पाटील स्मारक वैद्यकीय महाविद्यालय निघाले. जळगाव जिल्ह्यात डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांची भर पडली. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले, की विकृतिशास्त्र विभाग, नमुन्यांचे संग्रहालय व ऊतकतपासणीची प्रयोगशाळा आलीच. आधुनिक वैद्यकाच्या महाविद्यालयीन चौकटीतील सूक्ष्मदर्शक अशा रीतीने रुग्णाच्या जिल्ह्यात आला.

उपचाराच्या खर्चाचे अंतरही काही प्रमाणात घटले. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. योजनेत शस्त्रक्रियेच्या मंजुरीसाठी तपासण्यांचे अहवाल संगणकावरून पाठवावे लागतात. गरीब रुग्णाच्या आजाराचा लेखी माग अशा रीतीने शासकीय व्यवस्थेत राहू लागला.

७. धुळ्याची दप्तरपरंपरा

दप्तराचे मोल धुळ्याला सांगावे लागू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ या शहरात उभे राहिले. समर्थ वाग्देवता मंदिरानेही येथे हस्तलिखितांचा ठेवा जपला आहे. रद्दीत जाणारे, वाळवीने खाल्लेले कागद गोळा करणे, त्यांना क्रमांक देणे आणि पुढील अभ्यासकाला पुन्हा वाचता येतील असे ठेवणे, ही राजवाडे परंपरेची शिकवण होय. अस्सल कागद उपलब्ध असला, तर एका पिढीची चूक दुसरी पिढी दुरुस्त करू शकते. कागदच नसेल तर चूक कायम राहते.

मेणाचा ठोकळा हाही असाच अस्सल कागद आहे. १९७८ चा शोध व आंत्रपुच्छाच्या विकाराचा उलगडा, दोन्ही अशाच ठोकळ्यांच्या पुनर्वाचनातून झाले. व्यवहारातील मुदती मात्र आखूड आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे. श्लेष्मल पुटी-अर्बुदात आक्रमक कर्करोग असलेल्या रुग्ण या कर्करोग नसलेल्या रुग्णांहून सरासरीने पाच ते दहा वर्षांनी मोठ्या असतात, असे अभ्यासांतून दिसते. सौम्य अवस्थेतून कर्करोगापर्यंतची वाटचाल वर्षानुवर्षांची असावी, असे यावरून सूचित होते. रोगाची चाल दशकाची आणि दप्तराचे आयुष्य तीन वर्षांचे, अशी ही विसंगती आहे. चौथ्या वर्षी परत आलेल्या स्त्रीच्या पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद, ठोकळा वा चित्र उपलब्ध नसेल, तर ‘तेव्हा ती खरोखर आभासी पुटी होती काय?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

हे काम आवाक्याबाहेरचे नाही, याला महाराष्ट्रातच दाखले आहेत. १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागासाठी तशी नोंदणी उभी राहिली. गावोगावी जाऊन, लोकांशी बोलून, लक्षणे असलेल्यांना रुग्णालयापर्यंत आणून ती घडली. महानगर नसलेल्या भागातही रोगाचे दप्तर उभे राहू शकते, हे बार्शीने सिद्ध केले.

निष्कर्ष

१. श्लेष्मल पुटी-अर्बुदांचे निदान स्पर्श, शस्त्र, सूक्ष्मदर्शक, प्रतिमा आणि द्रवपरीक्षा अशा टप्प्यांतून विकसित झाले; यातील कोणत्याही टप्प्याने आधीचा टप्पा निरर्थक ठरविलेला नाही.

२. या अर्बुदांचे स्वतंत्र अस्तित्व व त्यांतील कर्करोगाची शक्यता १९७८ मध्ये स्पष्ट झाली, ती प्रामुख्याने जपलेल्या नमुन्यांच्या व रुग्णांच्या पुढील वृत्तांताच्या एकत्रित वाचनामुळे.

३. आभासी पुटी व श्लेष्मल अर्बुद यांची गल्लत हा केवळ शब्दांचा घोळ नसून रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे. मध्यमवयीन स्त्रीत, स्वादुपिंडदाहाचा पूर्ववृत्तांत नसताना आढळलेल्या पुटीला ‘आभासी’ म्हणण्यापूर्वी थांबणे आवश्यक आहे, असे हा इतिहास सांगतो.

४. खानदेशात रुग्ण आणि सूक्ष्मदर्शक यांतील भौगोलिक अंतर १९८९ नंतर कमी झाले. आता कालाचे अंतर कमी करावयाचे आहे. धुळे व जळगाव येथील वैद्यकीय महाविद्यालयांनी ठोकळे, काचपट्ट्या व अहवाल यांची समान क्रमांकपद्धतीने दीर्घकाळ जपणूक केली आणि इतिहास व ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांनी त्या कामी हात दिला, तर या प्रदेशातील स्त्रियांच्या पोटातील ‘गोळ्या’चे आज दिलेले नाव उद्या तपासून पाहता येईल. नाव चुकले असेल तर ते वेळेत दुरुस्त होण्याची शक्यता त्यावरच अवलंबून आहे.